एक्झॉस्ट तापल्याचा दिवा: आधी तापमान मोजा, मग खोक्यावर संशय घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: गाडी १९९१ ची फेरारी ३४८. साधारण वीस मिनिटे चालवली की १–४ सिलिंडरच्या बाजूचा ‘स्लो डाऊन’ (एक्झॉस्ट तापल्याचा) दिवा आधी लुकलुकतो, मग कायमचा लागतो आणि इंजिन चारच सिलिंडरवर येते. बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबले की सगळे पूर्ववत. त्या बाजूचे थर्मोकपल, म्हणजे एक्झॉस्टचे तापमान मोजणाऱ्या तारांची जोडी, बदलून पाहिले, फरक पडला नाही. एका मेकॅनिकने सांगितले की या गाड्यांत हा दिवा खोटाच लागतो, थर्मोकपलच्या तारा ज्या इलेक्ट्रॉनिक खोक्यात जातात त्याची वायर कापून टाका. कापावी का?

कापू नका. मेकॅनिकचे म्हणणे अर्धे खरे आहे. तीस वर्षे इंजिनाची धग सोसलेली ही छोटी इलेक्ट्रॉनिक खोकी बिघडतात आणि काहीही तापलेले नसताना दिवा लावतात, हे मी पुष्कळ गाड्यांत पाहिले आहे. पण खरोखर तापलेला कॅटालिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) आणि बिघडलेले खोके, दोघेही डॅशबोर्डवर तोच दिवा लावतात. दिव्याकडे बघून त्यांच्यातला फरक सांगता येत नाही. त्यासाठी मोजावे लागते, आणि मोजायची साधने अगदी साधी आहेत: मिलिव्होल्टचा दहावा भाग दाखवणारा मल्टिमीटर, एक लहान चुंबक, एक सेल, एक रेझिस्टर, एक पोटेन्शिओमीटर आणि हेअर ड्रायर.

तुमच्या लक्षणांत एक मोठा सापळा आहे, तो आधी सांगतो. ‘वीस मिनिटांनी येते, थंड झाले की जाते’ हे ऐकले की बहुतेक जण लगेच म्हणतात, खोके तापून बिघडतेय. तसे असू शकते. पण गरम झाल्यावर दगा देणारी इग्निशन कॉइलही हुबेहूब असेच वागते. वीस मिनिटांनी कॉइल तापते, आतले इन्सुलेशन सुटते, एखादा सिलिंडर मिस होऊ लागतो, न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते, कन्व्हर्टर खरोखर तापतो, दिवा लागतो. तुम्ही गाडी थांबवता, कॉइल थंड होते, सगळे पूर्ववत. दोन्ही गोष्टींचे वेळापत्रक एकच. एकीत दिवा खोटा आहे आणि दुसरीत तो गाडी वाचवतो आहे. वायर कापायचा सल्ला देणाऱ्याने या दोहोंतला फरक कसा ओळखला, हे त्याला जरूर विचारा.

फरक ओळखायची पहिली खूण फुकट मिळते. इंजिनात थरथर आधी आली की दिवा आधी लागला? शेजारी कुणाला तरी बसवा आणि त्याला फक्त दिव्यावर नजर ठेवायला सांगा. तुम्ही इंजिनाकडे कान द्या. दिवा लुकलुकत असतानाही इंजिन गुळगुळीत चालत असेल आणि दिवा कायम झाल्याच क्षणी चार सिलिंडर एकदम गेले असतील, तर ते सिलिंडर कंट्रोल युनिटने मुद्दाम बंद केले आहेत आणि संशय मोजमापाच्या साखळीवर जातो. दिव्याच्या आधी आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसते चालू असताना) थरथर, एक्झॉस्टमध्ये फटफट किंवा मागून कच्च्या पेट्रोलचा वास असेल, तर दिवा विसरा आणि इग्निशनकडे वळा.

आता यंत्रणा कशी चालते ते पाहू, कारण पुढच्या प्रत्येक चाचणीचा अर्थ त्यावरच लागतो. ३४८ मधल्या ३.४ लिटर व्ही-८ ला बॉशची मोट्रॉनिक इंजेक्शन पद्धत आहे आणि प्रत्येक बँकेला, म्हणजे चार सिलिंडरच्या रांगेला, स्वतंत्र कंट्रोल युनिट आहे. म्हणजे चार-चार सिलिंडरची दोन इंजिने एकाच क्रँकशाफ्टवर चालतात असे समजा. प्रत्येक बँकेच्या कन्व्हर्टरमध्ये एक थर्मोकपल खुपसलेले असते. त्याच्या दोन तारा एका लहान खोक्यात जातात. हे खोके थर्मोकपलचे अगदी क्षीण व्होल्टेज मोठे करते आणि पुढे संदेश देते. तापमान वाढले की दिवा लुकलुकतो. आणखी वाढले की दिवा कायम होतो आणि त्या बँकेचे पेट्रोल तोडले जाते. पेट्रोल तुटले की त्या चार सिलिंडरमधून नुसती हवा जाते आणि कन्व्हर्टर थंड होऊ लागतो. नंतरच्या एफ३५५ मध्ये हीच कल्पना पुढे चालू राहिली. तिच्या मोट्रॉनिक २.७ आवृत्तीत दोन कंट्रोल युनिट आहेत, ५.२ मध्ये एकच. तुमच्या गाडीला ओबीडी-२ स्कॅनर (नव्या गाड्यांच्या संगणकातली माहिती वाचणारे यंत्र) लावून तापमान वाचता येणार नाही. मोजायचे ते थेट तारेवरच.

कन्व्हर्टर खरोखर का तापतो, हेही नीट समजून घ्या. लोकांना वाटते मिश्रण रिच झाले की कन्व्हर्टर तापतो. नुसत्या रिच मिश्रणात पेट्रोल जास्त असते, पण ते जाळायला ऑक्सिजन उरलेला नसतो, त्यामुळे कन्व्हर्टरमध्ये जळणार काय आणि कशाने? खरा घातक प्रकार म्हणजे मिसफायर. ठिणगी पडली नाही की त्या सिलिंडरमधले सगळे पेट्रोल आणि सगळी हवा, दोन्ही एकत्र, न जळता कन्व्हर्टरमध्ये पोचतात. तिथे प्लॅटिनम वर्गातले धातू त्यांची वाटच पाहत असतात. एकच सिलिंडर सतत मिस झाला तरी कन्व्हर्टर काही मिनिटांत लाल होऊ शकतो. दुसरा प्रकार म्हणजे रिच मिश्रण आणि बाहेरून मिळालेली हवा: ज्या गाड्यांना सेकंडरी एअरची, म्हणजे एक्झॉस्टमध्ये मुद्दाम हवा सोडण्याची, सोय आहे तिथे तिचा व्हॉल्व्ह उघडा अडकला, किंवा मॅनिफोल्डला तडा जाऊन हवा आत ओढली जाऊ लागली, की तोच परिणाम. तिसरा प्रकार म्हणजे मागे पडलेले टायमिंग. टायमिंग बेल्ट नुकताच बदलला असेल आणि त्यानंतर एकाच बँकेचा दिवा लागू लागला असेल, तर कॅमशाफ्ट एखादा दात सरकलेला नाही ना, हे सर्वांत आधी बघा. मिश्रण उशिरा जळले की उष्णता पिस्टनवर खर्च व्हायच्या ऐवजी एक्झॉस्टमध्ये जाते.

कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला काम सुरू करतो. नेहमीच्या वापरात तो ४०० ते ८०० अंशांच्या पट्ट्यात राहतो. ९०० च्या पुढे सतत राहिला की आतला लेप खराब होऊ लागतो, आणि फारच वर गेला तर सिरॅमिकची जाळी वितळून वाट बुजते. मग मागचा दाब वाढतो आणि इंजिन आणखी तापते. मधल्या इंजिनाच्या गाडीत हे सगळे पेट्रोलच्या नळ्या, रबरी होज आणि वायरिंग यांच्या वीतभर अंतरावर घडत असते. म्हणून या दिव्याकडे मी कधीच दुर्लक्ष करू देत नाही.

खरे तापमान मोजायला लोक इन्फ्रारेड थर्मामीटर काढतात. तो तुलनेसाठी चालेल, आकड्यासाठी नाही. चकचकीत स्टेनलेस स्टीलवर तो प्रत्यक्षापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो, शिवाय तो बाहेरचा पत्रा मोजतो, आतली जाळी नाही, आणि हीट शील्ड मधे आली तर शील्डच मोजतो. दोन्ही बाजूंना, तशाच जागी, उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका लावा आणि त्या ठिपक्यांवर मोजा. डावी-उजवी जवळपास सारखी आली, तर खरा दोष असण्याची शक्यता बरीच घटते. याहून चांगला मार्ग म्हणजे के-प्रकारच्या थर्मोकपलचा वेगळा प्रोब आणि हातातला मीटर. प्रोब कन्व्हर्टरच्या बाहेर पडणाऱ्या पाइपला स्टीलच्या क्लँपने घट्ट बांधा, वायर एक्झॉस्टपासून दूर ठेवत आत आणा आणि दिवा लागेपर्यंत गाडी चालवा. दिवा लागला त्या क्षणी मीटरने एकदम झेप घेतलेली दिसते का? की तो आधीसारखाच संथ आहे? उष्णतेला जडत्व असते. काही किलो वजनाचा कन्व्हर्टर एका सेकंदात २०० अंश चढू शकत नाही. दिवा खड्ड्यावर लागत असेल, हेडलाइट लावताच लागत असेल, किंवा रात्रभर थंड पडलेल्या गाडीत चावी फिरवताच लागून राहत असेल, तर तिथे उष्णतेचा काही संबंध नाही. चावी फिरवल्यावर बल्बच्या चाचणीसाठी दिवा क्षणभर लागतो, तो यात धरू नका.

समजा मोजले आणि कन्व्हर्टर ठीक निघाला. आता साखळी तपासायची: थर्मोकपल, त्याची वायर, अर्थिंग, खोके, खोक्याचा पुरवठा. बहुतेकांचा वेळ इथेच वाया जातो, कारण ते थर्मोकपलला साधा सेन्सर समजून ओहममध्ये मोजतात.

थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या. के-प्रकारात एक क्रोमेल, दुसरी अल्युमेल. जोडाचे टोक आणि तारांचे दुसरे टोक यांच्या तापमानात जेवढा फरक, तेवढे व्होल्टेज: दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट. ‘फरक’ हा शब्द पक्का लक्षात ठेवा. थंड गाडीत सगळे एकाच तापमानाला असते, म्हणून मीटर शून्य दाखवतो आणि ते बरोबरच असते. ओहममध्ये मोजून फक्त एवढेच कळते की तार तुटलेली नाही. काही ओहम ते काही दशक ओहम दिसले की पुढे जा. मल्टिमीटर कॉन्टिन्युइटीला लावून बीप आली म्हणजे थर्मोकपल चांगले, असे मात्र मुळीच नाही.

मिलिव्होल्ट मोजताना इंजिन बंद आणि थंड असताना खोक्याकडचा कनेक्टर सोडवा, तारांना मल्टिमीटर लावा आणि मग इंजिन सुरू करून आयडलला ठेवा. कनेक्टर सोडल्यामुळे दिवा लागेल आणि ती बँक बंदही पडू शकेल. तसे झाले तर आधी गाडी नेहमीसारखी गरम करा, मग बंद करून लगेच कनेक्टर सोडवून मोजा. मीटरवर दिसलेल्या आकड्यात मीटरजवळच्या तापमानाचे व्होल्टेज मिळवायचे असते: २० अंशांना ०.८ मिलिव्होल्ट, ३० अंशांना १.२. बेरीज ४.१ आली तर १०० अंश, १६.४ आली तर ४००, २०.६ ला ५००, २४.९ ला ६००, २९.१ ला ७००, ३३.३ ला ८००, ३७.३ ला ९००. समजा मीटरवर १५.२ दिसले आणि तिथली हवा ३० अंश आहे, तर बेरीज १६.४, म्हणजे टोक ४०० अंशांना आहे. दुसऱ्या बाजूचेही असेच मोजा. दोन्ही बाजू तीस-चाळीस अंशांच्या आत आल्या की थर्मोकपलचा विषय संपला.

तुम्ही थर्मोकपल बदलले आहे, म्हणून तीन गोष्टी मुद्दाम तपासा. पहिली, ध्रुवता. वायरच्या रंगांवर विश्वास ठेवू नका, कारण वेगवेगळ्या प्रमाणांत रंग वेगळे असतात: अमेरिकी पद्धतीत के-प्रकाराची धन तार पिवळी आणि ऋण तार लाल, आंतरराष्ट्रीय पद्धतीत धन हिरवी आणि ऋण पांढरी. लाल म्हणजे धन ही सवय इथे घात करते. चुंबक लावून बघा: थंड असताना अल्युमेल चुंबकाला चिकटते, क्रोमेल चिकटत नाही. चिकटणारी तार ऋण. दुसरी, मधली जोडणी. नवे थर्मोकपल आखूड पडले म्हणून तांब्याची साधी वायर जोडली असेल, तर मोजमाप त्या सांध्यापासूनच धरले जाते. सांधा ९० अंशांना आणि खोके ४० अंशांना असेल तर आकडा सुमारे ५० अंशांनी कमी येतो. म्हणजे दिवा उशिरा लागतो, आणि ही चूक धोक्याच्या दिशेने आहे. वाढवायचीच असेल तर के-प्रकारची एक्स्टेन्शन वायर वापरा. तिसरी, टोक किती खोल जाते. जुन्यापेक्षा लांब प्रोब जाळीच्या अधिक गरम भागाला टेकतो, आखूड असेल तर पाइपच्या भिंतीलगत राहतो. जुने फेकले नसेल तर दोन्ही शेजारी ठेवून लांबी जुळवा.

आता अशा भागाकडे वळतो ज्याकडे फार थोडे लोक बघतात आणि जिथे मला सर्वांत जास्त खोटे दिवे सापडतात: गंजलेल्या पिना आणि अर्थिंग.

थर्मोकपल तुटले तर ते कळावे म्हणून अशा बहुतेक सर्किटांत एक अगदी बारीक विद्युतप्रवाह थर्मोकपलमधून सोडलेला असतो. तार तुटली की इनपुट वर खेचले जाते आणि सर्किटला वाटते की खूप तापले. ही सुरक्षित बाजू आहे. पण कनेक्टरची पिन गंजून तिथे रोध वाढला की त्याच बारीक प्रवाहामुळे पिनेवर व्होल्टेज पडते आणि ते तापमानात मिळवले जाते. प्रवाह १ मायक्रोॲम्पिअर आणि रोध १० किलोओहम धरा: १० मिलिव्होल्ट, म्हणजे जवळपास २४० अंश फुकटचे वाढले. डोळ्यांना पिन जराशी हिरवट दिसते, बाकी काही नाही. कनेक्टर गरम झाला की सांधा किंचित सैल होतो, थंड झाला की पुन्हा घट्ट बसतो. तुमच्या लक्षणांशी हे चांगलेच जुळते. थर्मोकपल बदलताना त्या बाजूची पिन नवी आली असेल, पण खोक्याकडची पिन तीच जुनी राहिली. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, बारीक ब्रशने घासा, पिनांचा चिमटा किंचित दाबून घ्या, आणि लावताना कनेक्टर दोन-चारदा आत-बाहेर करा. कनेक्टर सोडवायला तारा ओढू नका. जुने प्लास्टिक ठिसूळ झालेले असते.

अर्थिंगचा हिशेबही तसाच थक्क करणारा आहे. काही थर्मोकपलांचे टोक बाहेरच्या धातूच्या नळीला आतून वेल्ड केलेले असते. म्हणजे ते एक्झॉस्टमार्गे थेट इंजिनाला अर्थ झालेले असते. खोक्याची अर्थ मात्र बॉडीवर. इंजिन आणि बॉडी यांच्यातली पट्टी गंजली की दोघांत काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. हेडलाइट, रेडिएटरचे पंखे यांच्यासाठी १० मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नाही; थर्मोकपलच्या मापात ते २४० अंश आहेत. खोक्याच्या सर्किटची रचना कशी आहे त्यावर हा फरक किती आत शिरतो ते ठरते, पण तपासणे इतके सोपे आहे की न तपासण्याचे कारण नाही. इंजिन चालू, पंखे आणि दिवे चालू; मल्टिमीटरचे एक टोक इंजिन ब्लॉकवर, दुसरे खोक्याच्या अर्थ पिनेवर. डीसी मिलिव्होल्ट वाचा, मग पंखे आणि दिवे एकेक करून बंद करा. आकडा हलला तर अर्थिंग ढिले आहे. खात्रीसाठी जाड जंपर केबलने इंजिन ब्लॉक आणि बॉडी तात्पुरते जोडा. मग गाडी चालवून बघा. दिवा गेला तर नवी पट्टी टाका आणि दोन्ही टोकांचा रंग खरवडून चकचकीत धातूवर बसवा.

वीस मिनिटांचा मुद्दाही इथे लागू होतो: रेडिएटरचे पंखे साधारण तेव्हाच सुरू होतात. दिवा आणि पंखा बरोबर येतात का, हे लक्ष देऊन पाहा.

खोक्याचा १२ व्होल्टचा पुरवठाही खोक्याच्या पिनेवरच मोजा, बॅटरीवर नाही. त्या काळातल्या फेरारींच्या फ्यूज पॅनलवर तापून काळवंडलेले कनेक्टर पुष्कळ सापडतात. इंजिन चालू असताना बॅटरीवरचे आणि खोक्यावरचे व्होल्टेज यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर तो शोधून काढा. थर्मोकपलची वायर प्लगच्या वायरींना खेटून जात असेल तर तीही दूर करा. प्लगच्या वायरीतून हजारो व्होल्ट धावतात आणि इथे आपण मायक्रोव्होल्ट मोजतो आहोत.

आता खोके. पहिली चाचणी सगळ्यांना माहीत आहे: डावे-उजवे अदलाबदल. दोन्ही खोक्यांचा पार्ट नंबर एकच आहे हे बघून मगच करा. एका वेळी एकच वस्तू बदला. खोके बदलल्यावर दिवा दुसऱ्या बाजूला गेला तर खोके दोषी. त्याच बाजूला राहिला तर खोके निर्दोष. दोष दोन्हीकडून नाहीसा झाला तर कनेक्टर हलवल्यामुळे बरा झाला आहे, म्हणजे पिनांचाच प्रश्न होता आणि तो परत येईल.

दुसरी चाचणी माझ्या फार आवडीची, कारण तिला एक पैशाचे सामान लागत नाही. खोक्याच्या थर्मोकपल इनपुटच्या दोन पिना एका आखूड तांब्याच्या तुकड्याने जोडा. शून्य मिलिव्होल्ट आत गेले की खोक्याला वाटले पाहिजे, टोकाचे तापमान माझ्या स्वतःच्या तापमानाएवढेच आहे. दिवा विझलेला राहिला पाहिजे. इंजिन आयडलला ठेवून, खोक्यावर हेअर ड्रायरची गरम हवा पाच मिनिटे सोडा. दिवा लागला तर निकाल लागला: थर्मोकपल नाही, एक्झॉस्ट नाही, गरम झालेले खोकेच. ही चाचणी फक्त उभ्या गाडीत, काही मिनिटांपुरती करा. तो तुकडा लावून रस्त्यावर जाणे म्हणजे पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधणे.

उलटी बाजूही तपासायची असते: खोके वेळेवर दिवा लावते का? १.५ व्होल्टचा सेल, त्याला सिरीजमध्ये ८.२ किलोओहमचा रेझिस्टर आणि मग २५० ओहमचे पोटेन्शिओमीटर. पोटेन्शिओमीटरच्या मधल्या आणि ऋण टोकावर ० ते सुमारे ४४ मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे ११०० अंशांपर्यंतचे खोटे तापमान. हे थर्मोकपलच्या जागी लावा, ध्रुवता सांभाळा, आणि खोक्याच्या आउटपुटवर दुसरा मल्टिमीटर ठेवा. ०, १०, २०, ३०, ४० मिलिव्होल्टला आउटपुट लिहून घ्या, दोन्ही खोक्यांचे. चांगल्या बाजूचे खोके हा तुमचा संदर्भ; दिवा नेमका कुठे लागायला हवा ती मर्यादा वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या, कारण ती मॉडेल आणि बाजारपेठेनुसार बदलते. मग पुन्हा हेअर ड्रायर लावून तेच पाच आकडे लिहा. थंड आणि गरम यांत चांगल्या खोक्याचे आकडे जेमतेम हलतात. खराब खोक्याचे आकडे सरकतात किंवा एकदम उडी मारतात. सरकत असतील तर आतले कोल्ड जंक्शन कॉम्पेन्सेशन, म्हणजे खोक्याचे स्वतःचे तापमान मोजून बेरीज करणारा भाग, किंवा ॲम्प्लिफायर ढासळतो आहे. उडी मारत असतील तर तडकलेले सोल्डर.

खोके उघडायचे की नवे घ्यायचे, हा निर्णय तुमच्या हातावर अवलंबून आहे. आत बहुतेक वेळा सापडते ते हे: कनेक्टरच्या पिना बोर्डाला जिथे जोडल्या आहेत तिथे सोल्डरभोवती अंगठीसारखी बारीक चीर, आणि वाळलेले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. चिरा भिंगातून नीट दिसतात. जुने सोल्डर काढून नवे भरा, नुसते वरून तापवू नका. कपॅसिटर त्याच मूल्याचा, तेवढ्या किंवा अधिक व्होल्टेजचा, पण १०५ किंवा १२५ अंशांच्या दर्जाचा घ्या. काम झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्स पूर्ण धुऊन काढा, कारण इनपुटजवळ राहिलेला चिकट थर ओलावा धरतो आणि मायक्रोव्होल्टच्या पातळीवर तोही चूक घडवतो. कोल्ड जंक्शनसाठी बसवलेला भाग इनपुट पिनांच्या अगदी जवळ असतो. तो जागचा हलवू नका. एडी५९५ सारखी तयार चिप वापरून नवे सर्किट बनवणारे आहेत आणि ती चिप के-प्रकारासाठीच आहे, दर अंशाला १० मिलिव्होल्ट देते. पण मोट्रॉनिकला हवा असलेला संदेश तसाच असेल असे गृहीत धरू नका. वर लिहून घेतलेल्या पाच आकड्यांशी जुळले तरच ते लावा.

खोके परत बसवताना जुन्या जागी थेट पत्र्यावर न बसवता खाली दहा-बारा मिलिमीटरचे स्पेसर द्या, म्हणजे खालून हवा खेळेल. मूळची हीट शील्ड कुणी काढून ठेवली असेल तर ती आधी लावा. अर्थ तार विसरू नका. काही खोक्यांना आवरणातूनच अर्थ मिळते आणि स्पेसरमुळे ती तुटते.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी वापरावी का? दिवा विझलेला असताना, कमी वेगात, जवळच्या अंतरासाठी, बाहेरचा प्रोब लावून, चालेल. लुकलुकला की ॲक्सिलरेटर सोडा. कायम झाला की सुरक्षित जागी थांबा, आणि थांबताना खाली वाळके गवत किंवा पाचोळा नाही हे बघा. दिवा कायम असताना चार सिलिंडरवर गाडी रेटत घरी नेऊ नका.

तुमच्या गाडीसाठी मी हा क्रम धरेन: आधी सोबत कुणाला बसवून ‘थरथर आधी की दिवा आधी’ हे ठरवा. थरथर आधी असेल तर कॉइल, प्लगच्या वायरी आणि प्लग बघा; कॉइल गरम असताना मोजा, थंड असताना ती चांगलीच दिसेल. दिवा आधी असेल तर बाहेरचा प्रोब, मग पिना आणि अर्थिंग, मग तांब्याचा तुकडा आणि हेअर ड्रायर. अदलाबदल त्यानंतर, कारण तिने कनेक्टर हलतात आणि पुरावा पुसला जातो. तेवढे झाले की चार आकडे कळवा: दोन्ही बाजूंचे गरम आयडलचे मिलिव्होल्ट, पंखे चालू असताना ब्लॉक आणि खोक्याच्या अर्थमधला फरक, खोक्याच्या पिनेवरचे व्होल्टेज. थर्मोकपलचा फोटोही पाठवा, टोकाजवळचा. त्यावरून खोके उघडायचे की नाही ते सांगता येईल.